दिग्गीची वाट आणि मुंबईतील कूड

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याच्या पश्चिम कडेला, गोव्याच्या सीमेजवळ, दिग्गी हे लहानसे गाव आहे. काळी नदीच्या उगमाकडचा हा मुलूख सह्याद्रीच्या दाट रानाचा. वस्ती विरळ, मुख्यत्वे कुणबी समाजाची. भात, नाचणी व कंदमुळे यांवर गुजराण करणारी. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी या गावाचे नावही ऐकले नसेल, आणि ज्यांनी ऐकले असेल त्यांनाही तेथे आपल्या धर्मग्रामाचे काही काम असेल असे वाटले नसेल. तरीही परगावी राबणारा कामगार आणि त्याला हात देणाऱ्या स्थानिक संस्था यांचा इतिहास सांगताना आम्ही दिग्गीपासूनच आरंभ करीत आहोत. त्याची कारणे दोन आहेत, आणि त्यांपैकी पहिले आपणा धर्मगुरूंना फारसे सुखावह नाही.

जोयड्याच्या कुणब्यांमध्ये अशी परंपरा सांगितली जाते की, त्यांचे पूर्वज मूळचे गोव्याचे. पोर्तुगीज अमदानीत धर्मांतराच्या धाकाने ते आपली कुलदैवते घेऊन घाट चढून वर आले. या परंपरेतील प्रत्येक तपशील कागदावर सिद्ध करता येणार नाही. करांचा बोजा, दुष्काळ व साथीचे रोग हीही त्या काळी गाव सोडण्याची कारणे होतीच. परंतु सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात साष्टी व बारदेशातील देवालये पाडली गेली, १५६० साली गोव्यात धर्मन्यायसभा म्हणजे इन्क्विझिशन बसली आणि ती मधल्या काही वर्षांचा खंड वगळता १८१२ पर्यंत चालली; त्या काळात अनेक कुटुंबे सीमा ओलांडून फोंड्याकडे, सोंध्याच्या राजांच्या मुलखाकडे व कानड्यात गेली, हा इतिहास निर्विवाद आहे. तेव्हा दिग्गीच्या रानात मनुष्य का आला, या प्रश्नाच्या उत्तरात आपल्याच ख्रिस्तसभेचे एक जुने पान आहे. ते पान उलटून पुढे जाणे सोपे असते. आम्ही ते उघडेच ठेवतो, कारण पुढील सर्व विवेचनाला त्याची पार्श्वभूमी आहे.

दुसरे कारण आजचे. ज्या वाटेने ते पूर्वज वर आले, त्याच दिशेने त्यांचे वंशज आता खाली उतरतात. शेती पावसाळ्यापुरती; रानाचा बराच भाग व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत, त्यामुळे रानातून मिळणाऱ्या वस्तूंवर बंधने; रस्ता, दवाखाना व वरच्या वर्गांची शाळा दूर. काळीवरील सूपा धरणाने १९८० च्या दशकात याच तालुक्याचे जुने ठाणे सूपा बुडाले आणि तेथील लोकांना रामनगरसारख्या ठिकाणी वसावे लागले, हेही येथे ध्यानात ठेवावे. तालुक्याच्या पाण्यावर वीज निर्माण झाली, पण तालुक्यात काम निर्माण झाले नाही. तेव्हा तरुण मंडळी गोव्यात जातात: बांधकामावर, बागायतीत, हॉटेलांत, घरकामास.

आणि येथे एक विलक्षण गोष्ट घडते. गोव्यात कुणबी, गावडा व वेळीप या समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. कर्नाटकातील त्यांच्या भाईबंदांची तीच मागणी कित्येक वर्षे चालू आहे. भाषा जवळजवळ एक, आडनावे एक, दैवते एक. परंतु सीमा ओलांडताच दिग्गीचा मनुष्य ‘बाहेरचा’ होतो. गोव्यात घाटावरून आलेल्या मजुराला एकच शब्द आहे, ‘घाटी’. तो आपुलकीने उच्चारला जात नाही, हे आम्ही सांगावयास नको.

हा शब्द ज्यांच्या तोंडी बसला आहे, त्यांच्याच आजोबांना मुंबईत ‘माकापाव’ म्हणत असत. ‘मका पाव दी’ म्हणणारा, तो माकापाव. स्वयंपाकी, बटलर, बेकरीवाला, जहाजावरचा नोकर, बँडवाला, अशा नात्याने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत आलेल्या गोवेकराचे हे हिणकस नाव. त्या गोवेकराने परक्या शहरात जी संस्था उभारली, तिच्यासारखे दुसरे उदाहरण निदान पश्चिम किनाऱ्यावर आम्हास आढळलेले नाही. ती संस्था म्हणजे कूड.

मराठी वाचकाला ‘कूड’ म्हटले की शेणामातीने लिंपलेली कुडाची भिंत आठवते. कोंकणीत कूड म्हणजे खोली. एकोणिसाव्या शतकात गोव्याच्या एकेका गावाने मुंबईत भाड्याने खोली घेतली, व तिला त्या गावाचे किंवा गावच्या आश्रयदात्या संताचे नाव दिले. हाच ‘क्लब’. धोबीतलाव, सोनापूर, काव्हेल, माझगाव या भागांत अशा शेकडो कुडी होत्या. धोबीतलावावरील जेर महाल या एकाच इमारतीत कितीतरी गावे मजल्यामजल्यांवर नांदत आली आहेत.

गोवेकर एवढ्या मोठ्या संख्येने बाहेर का पडला, याची कारणे अनेक आहेत. पण एकाचा उल्लेख केलाच पाहिजे, कारण त्याचा संबंध थेट जोयडा तालुक्याशी आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज व पोर्तुगीज सरकारांमध्ये तह झाला. गोव्यातील मीठ उत्पादनाचा मक्ता इंग्रजांकडे गेला, पोर्तुगीज सरकारला त्याबद्दल वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले, आणि मिठागरांवर व दारूच्या भट्ट्यांवर पोट असणारी माणसे उघड्यावर पडली. त्याच तहातून मुरगाव बंदरापासून घाटावर जाणारी रेल्वे निघाली. १८८८ साली ती कॅसलरॉकपर्यंत पोहोचली. कॅसलरॉक हे ठाणे आजच्या जोयडा तालुक्यात आहे. म्हणजे ज्या तहाने रोजगार बुडविला, त्यानेच रोजगाराच्या शोधात निघण्यासाठी गाडीही दिली! किनाऱ्याने आगबोट होतीच. परंतु लोंढा, बेळगाव, पुणे या मार्गाने जाणाऱ्या हजारो गोवेकरांनी ब्रिटिश हद्दीतील पहिले पाऊल दिग्गीच्याच तालुक्यात टाकले. कॅसलरॉकच्या फलाटावर त्यांची पेटी उघडून तपासली जाई. १९५५ साली भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा ही वाट बंद झाली, ती मुक्तीनंतर पुन्हा वाहू लागली. मात्र आता मजुरांचा ओघ उलट दिशेचा होता.

कुडीची व्यवस्था साधी होती. सभासद त्या गावचाच हवा. महिन्याला अल्प वर्गणी. प्रत्येकास एक पेटी ठेवण्यापुरती व रात्री चटई अंथरण्यापुरती जागा. जहाजावर गेलेला खलाशी वर्षभर परतला नाही तरी त्याची पेटी भिंतीशी राहत असे. कोपऱ्यात वेदी, तिच्यावर गावच्या संताची मूर्ती. संध्याकाळी ठरल्या वेळी जपमाळ. जो घरी असेल त्याने हजर राहिलेच पाहिजे. दारू व जुगार यांना मनाई. हिशेब ठेवण्यास निवडलेले पंच. नोकरी सुटली तर भाड्याची सवलत, आजारपणात मदत, मृत्यू आल्यास दफन व मिस्सा यांचा खर्च कुडीचा. गावात सणाच्या दिवशी जो मान असे, तो येथेही पाळला जाई. आणि उरलेल्या पैशांतून गावच्या मंदिराची डागडुजी, सणाचा खर्च, कोठे शाळेला हातभार असा ओघ परत गोव्याकडे जाई.

यातील मर्माची गोष्ट ती पेटी. आम्ही तरुणपणी प्रथम एका कुडीत गेलो, तेव्हा भिंतीलगत एकावर एक रचलेल्या त्या पत्र्याच्या व लाकडी पेट्या पाहून आम्हास गोदामाची आठवण झाली होती. त्यांचा अर्थ पुष्कळ वर्षांनी उमगला. ज्याची पेटी एका जागी आहे, त्याचा पत्ता आहे. ज्याचा पत्ता आहे, त्याला पत्र येते. आणि ज्याला पत्र येते, तो हरवत नाही. सावकार, मुकादम किंवा जहाजावर माणसे चढविणारा दलाल यांना पूर्णपणे शरण जावे लागू नये एवढे बळ त्या चटईभर जागेने दिले. खलाशांच्या भरतीतील लाचखोरीवर १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिटली आयोगाच्या अहवालातही टीका आहे. बेकार खलाशाला दुसरे जहाज मिळेपर्यंत उधारीवर निवारा देणारी जागा असणे, ही त्या व्यवस्थेत केवढी मोठी गोष्ट होती याची कल्पना यावरून यावी.

आता ख्रिस्तसभेने या काळात काय केले? तिने भांडण केले, असे थोडक्यात म्हणावे लागते. मुंबईत पाद्रोआदो व प्रोपागांडा यांच्या दुहेरी अधिकाराचा तंटा अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चालू होता. १८८६ च्या करारानंतर दमण धर्मप्रांत स्थापन झाला, तरी एकाच रस्त्यावरच्या दोन ख्रिस्ती शेजाऱ्यांचे बिशप निराळे असू शकत. हा प्रकार १९२८ साली मिटला. कूड मात्र त्याआधीच रुजली होती, ती प्रापंचिकांच्या हातून. कोणत्याही बिशपाच्या आज्ञापत्राने ती निघाली नाही. स्वयंपाकी व खलाशी यांनी आपल्या गावचे धर्मग्राम पेटीबरोबर उचलून आणले आणि शहरातील धर्मगुरूस सणाच्या मिस्सेसाठी बोलावले. पुढे १९५० साली मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झालेले व नंतर कार्डिनल पदास पोहोचलेले व्हॅलेरियन ग्रेशियस हे स्वतः कराचीत स्थायिक झालेल्या गोवेकर आईबापांचे पुत्र होते, हा योगायोग आम्हास बोलका वाटतो.

कुडीने केवळ निवारा दिला असेही नाही. १७ एप्रिल १८९२ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, मुंबईत ‘इटालियन भुरगो’ हे पहिले कोंकणी तियात्र रंगभूमीवर आले. लुकाझिन्यो रिबेरो, जुआंव आगुस्तिन फेर्नांदिश ही त्यामागील मंडळी पोटासाठी मुंबईत आलेलीच होती. घरी ज्या भाषेला राज्यकर्त्यांच्या दप्तरात जागा नव्हती, तिला परदेशी भूमीवर रंगमंच मिळाला. तरीसुद्धा मुंबई त्यांना परकी राहिली नाही. धोबीतलाव त्यांचे झाले. आपले टिकवूनच मनुष्य शहरात मिसळतो, या म्हणण्याला एवढा पुरावा पुरे.

परंतु कुडीचे गुणगान येथेच थांबविले पाहिजे. ती मुख्यत्वे पुरुषांची होती. आयाबाईच्या कामास आलेल्या गावच्या स्त्रीला बहुतेक कुडींत जागा नव्हती. ती फक्त आपल्या गावची होती; शेजारच्या गावचा मनुष्य पावसात उभा असला तरी नियम नियमच. आणि काही गावांच्या कुडी जातीवार निराळ्या होत्या, ही गोष्ट वेदीवर एकच संत ठेवणाऱ्यांना खुपली नाही. गावाने आपल्याबरोबर भक्ती आणली, तशी भिंतही आणली. (मराठीतला कुडाचा अर्थ अगदीच चुकीचा नव्हता म्हणावयाचा!) गिरणगावात कोकणातील व घाटावरील कामगारांच्या गावकीच्या खोल्यांत हेच चित्र होते. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे वीस-पंचवीस गाववाले, खानावळवाल्या बाईकडे महिन्याचे जेवण, गावच्या मंडळाची वर्गणी, आणि बाहेरच्यास मज्जाव.

याच्या उलट टोकाचा एक प्रयोग मुंबईतच झाला, आणि तो आपल्या मराठी प्रॉटेस्टंट बंधूंचा आहे. अमेरिकन मराठी मिशनने १९२७ साली नागपाड्यात ‘नेबरहुड हाऊस’ उघडले. त्याचे प्रमुख क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी वस्तीत मुसलमान, यहुदी, हिंदू, ख्रिस्ती असे सर्व येऊ शकतील असे दार ठेवले. दवाखाना, वाचनालय, खेळ, वर्ग यांना धर्माची अट घातली नाही. त्याआधी १९११ साली ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीगद्वारे गिरणी कामगारांत असेच काम आरंभिले होते. नागपाड्यातील अनुभवातूनच टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्याने १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय तेथेच सुरू झाले; आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. मिशन, विश्वस्तनिधी आणि वस्ती यांनी एकत्र येऊन काय साधते, याचा हा ठळक दाखला होय. पण नागपाड्यामागे गाव नव्हते. तेथे येणारा कामगार उद्या आला नाही, तर तो कोठे गेला हे कोणी कोणास विचारावे? कुडीत हा प्रश्न अडत नसे.

आमच्या मते दोन्ही प्रयोगांचे बलस्थान व उणीव एकाच ठिकाणी सापडते. स्थलांतरिताचे खाते दोन टोकांना उघडलेले असावे लागते. तो जेथून निघाला तेथे, आणि जेथे पोहोचला तेथे. कुडीने पहिले टोक घट्ट धरले व दुसऱ्या टोकाचे दार अरुंद ठेवले. नागपाड्याने दुसरे दार सताड उघडले, पहिले टोक त्याच्या हाती नव्हते. विशेष म्हणजे ख्रिस्तसभेचे अधिकृत शिक्षण व देशाचा कायदा हे दोघेही याच निष्कर्षाला येऊन पोहोचले. पोप पायस बारावे यांनी १९५२ साली स्थलांतरितांसंबंधी आपले प्रसिद्ध फर्मान काढले. १९६९ साली पोप पॉल सहावे यांच्या काळात निघालेल्या सूचनापत्राने निर्गमनाचा धर्मप्रांत व आगमनाचा धर्मप्रांत या दोघांवर मिळून जबाबदारी टाकली. भारताच्या १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानेही कंत्राटदाराला दोन्ही राज्यांकडून परवाना घेण्यास व कामगाराला छायाचित्रासह नोंदपुस्तिका देण्यास बांधले होते. मात्र कंत्राटदाराविना, आपल्या पायांनी घाट उतरलेला मनुष्य त्या कायद्याच्या व्याख्येत येत नव्हता. २०२० च्या नव्या संहितेने त्याला व्याख्येत घेतले. पण तिच्यातील स्थलांतरितांविषयीची कलमे लागू होण्यासाठी आस्थापनेत असे निदान १० कामगार असावे लागतात. दिग्गीचे दोन भाऊ जेव्हा एखाद्या बागायतीत कामास राहतात, तेव्हा ते दहा होत नाहीत.

येथे एक घटना सांगणे आम्हास भाग आहे. काही वर्षांपूर्वी गोव्यातील एका शहरी धर्मग्रामात आम्ही काही महिने मदतीस होतो. बांधकामावरून पडून एक तरुण मजूर दगावला. तो ख्रिस्ती नव्हता. त्याचे सोबती मंदिराच्या दाराशी आले, कारण रात्री दिवा तेथेच होता. गाव कोणते, असे विचारता ते ‘जोयड्याकडचे’ एवढेच सांगू शकले. ठेकेदार फिरकला नाही. आम्ही त्यांना चहा दिला, सकाळी पोलीस ठाण्यात जाण्यास सांगितले आणि दार लावून घेतले. त्याच्या घरी निरोप पोहोचण्यास तीन दिवस लागले. जोयडा तालुका कारवार धर्मप्रांतात आहे, तेथे आमचे सहाध्यायी धर्मगुरू आहेत, त्यांचे दूरध्वनी क्रमांक आमच्या वहीत होते, आणि एकही क्रमांक फिरवावा असे आम्हास त्या रात्री सुचले नाही. मृत व्यक्ती आपल्या कळपातील नाही, एवढ्याने आमचे मन तेथे थांबले असावे. लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायावर आम्ही सेमिनरीत व्याख्याने दिलेली होती.

ज्या समाजाचे पूर्वज आपल्या न्यायसभेच्या भयाने त्या रानात शिरले असे सांगितले जाते, त्यांच्या दारात आपण पुन्हा जाणार असू तर हात रिकामे ठेवून, धर्मांतराचा लवलेशही मनात न ठेवता जावे लागेल. हे काम एकट्या धर्मगुरूचे नाही, आणि एकट्या ख्रिस्तसभेचे तर मुळीच नाही. दिग्गीच्या बाजूस ग्रामपंचायत, प्राथमिक शाळेचे शिक्षक, आरोग्य सेविका व कुणबी समाजाची मंडळे आहेत. गोव्याच्या बाजूस पंचायती, कामगार खात्याची कचेरी, तेथील आदिवासी समाजाच्या संघटना आणि आपली धर्मग्रामे आहेत. यांतील प्रत्येकाजवळ एकेक तुकडा आहे. शिक्षकाला ठाऊक असते की अमक्याचा मुलगा शाळेतून उठून खाली गेला. गोव्यातील धर्मशिक्षकाला ठाऊक असते की अमक्या बांधकामावर वरची चार मुले आली आहेत. हे दोघे एकमेकांस कधी भेटत नाहीत.

धर्मशिक्षक बंधुभगिनींनी नव्या संस्थेची घटना लिहावयास बसू नये, अशी आमची विनंती आहे. घटना लिहिण्यात आपण तरबेज आहोत आणि त्यापुढे क्वचितच जातो. घाटाखालच्या धर्मग्रामांनी एक वही ठेवावी: आलेल्याचे नाव, गाव, घरच्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक, कामाची जागा व ठेकेदार. धर्माचा रकाना त्या वहीत नसावा. नाव लिहून देण्याची सक्तीही नसावी, कारण यादी म्हटली की गरीब मनुष्य घाबरतो, आणि त्याला तसे कारणही असते. घाटावरच्या धर्मग्रामाने तशीच दुसरी वही शाळेच्या व पंचायतीच्या सल्ल्याने ठेवावी आणि महिन्यातून एकदा दोन्ही वह्या ताडून पाहाव्यात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर होऊन परराज्यांतील मजूर रस्त्यांवर आले, तेव्हा अशी वही किती ठिकाणी होती, याचा शोध प्रत्येकाने आपापल्या धर्मग्रामाच्या दप्तरात घ्यावा. आम्ही आमच्या दप्तरात घेतला. त्या वर्षीची स्नानसंस्कारांची नोंदवही मात्र व्यवस्थित होती.

वहीनंतर जागेचा प्रश्न येतो. गोव्यातील कितीतरी धर्मग्रामांत सणाच्या भांड्यांसाठी व मंडपाच्या सामानासाठी बंद असलेली एखादी खोली असते. तिच्या भिंतीशी दहा-बारा पेट्या सहज मावतील. पावसाळ्याच्या तोंडी रोपणीसाठी वर जाणारा मनुष्य आपली पेटी कुलूप लावून तेथे ठेवील, आणि पीक हाती आल्यावर परत येऊन उघडील. मुंबईस कंत्राट करण्यासाठी व वैद्यकीय तपासणीसाठी जाणारे गोवेकर खलाशी आजही धोबीतलावाच्या कुडीत उतरतात. तेव्हा पेटीचे मोल काय, हे त्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांना आम्ही समजावून देण्याची गरज नाही. फक्त किल्ली कोणाच्या हाती द्यावयाची, एवढे त्यांनी व वरच्या मंडळींनी एकत्र बसून ठरवावे.